पालकांसाठीचे क्लास लावून खरंच फरक पडतो का? (मुलगा ९ वर्षांचा)

गोंधळलेली_आई:

नमस्कार मंडळी, इथे बरेच महिने नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा ९ वर्षांचा आहे. हुशार आहे, घरात तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की गप्प. कुणी नाव विचारलं तर माझ्याकडे बघतो आणि मीच सांगून टाकते. दुकानात काही हवं असलं तर "आई तू विचार ना". शाळेत बाई म्हणतात उत्तर येत असतं त्याला, वहीत बरोबर लिहिलेलं असतं, हळू आवाजात बाजूच्याला सांगतोही, पण हात काही वर होत नाही. ही झाली एक बाजू. दुसरी म्हणजे जबाबदारी या शब्दाशी त्याचा काडीचा संबंध नाही. सकाळी मी घरभर पळत असते आणि हा एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात, असा छताकडे बघत बसलेला. दप्तर मी भरते, बाटली मी भरते, बूट मी शोधते. मागच्या आठवड्यात वही विसरला म्हणून ऑफिसला उशीर करून शाळेच्या गेटवर वही पोचवली आणि वॉचमन म्हणाला "आज परत का मॅडम", तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की काहीतरी चुकतंय आणि ते बहुतेक माझंच चुकतंय.

तर मुद्दा असा की परवा एका पॅरेंटिंग कोचचा फुकट वेबिनार अटेंड केला, विषय होता आत्मविश्वासू आणि जबाबदार मुलं कशी घडवायची. पहिली वीस मिनिटं बरं बोलले, मग अर्धा तास दुसऱ्या आयांचे रडतानाचे व्हिडिओ, आणि शेवटी बारा आठवड्यांचा कोर्स, आज रात्री बाराच्या आत नाव नोंदवलं तर निम्मी फी. निम्मी फी बघूनच पोटात गोळा आला. नवरा म्हणतो आपले आईवडील कुठल्या क्लासला गेले होते, आपण काय वाया गेलो का. तेही पटतं. पण मग रात्री झोप लागत नाही की पैशाकडे बघून मी पोराचं नुकसान करतेय की काय.

कुणी असले क्लास केलेत का? काय शिकवतात नेमकं? की पुस्तकं वाचून घरच्या घरी जमण्यासारखं आहे? प्रामाणिकपणे सांगा, ओरडलात तरी चालेल.


फटकळ_बाबा:

ताई, रात्री बाराची डेडलाईन दिसली की तिथूनच उठायचं. उद्या सकाळी परत मेसेज येणार की खास तुमच्यासाठी मुदत वाढवलीय. (आला असेल एव्हाना, खरं सांगा.)

मी केलाय असा कोर्स, नाव घेत नाही. त्या कोचने आम्हाला काय सांगितलं, तर मुलीला रोज सकाळी आरशासमोर उभं करायचं आणि मोठ्याने म्हणायला लावायचं "मी सिंहीण आहे, मला सगळं येतं". आठ दिवस म्हटलं बिचारीने. नवव्या दिवशी दात घासता घासता मला विचारते, बाबा सिंहिणीला भागाकार येतो का. तिथे कोर्स संपला आमचा. पैसे परत मागितले तर उत्तर आलं की तुमची मानसिकताच नकारात्मक आहे, त्यासाठी दुसरा कोर्स आहे. हाहा.

आणि एक लक्षात ठेवा, डॉक्टर म्हणवून घ्यायला डिग्री लागते, कोच म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी काहीच लागत नाही. मी उद्यापासून झोप-कोच म्हणून बोर्ड लावू शकतो, झोपेचा अनुभव दांडगा आहे.


दोन_पोरांची_आई:

फटकळ बाबांचा अनुभव वाईट असेल पण सगळं एकाच मापाने मोजू नका. मी आठ आठवड्यांचा ग्रुप केला होता दोन वर्षांपूर्वी आणि मला खूप उपयोग झाला. आम्ही दहा-बारा पालक, आठवड्यातून एकदा दोन तास. भाषणं जवळजवळ नव्हतीच. पहिल्याच दिवशी रोल प्ले, मला खाली बसवलं, मी मुलगी, आणि दुसरी एक ताई माझी आई होऊन उभी राहिली आणि आपण सकाळी जे बोलतो ते सगळं बोलायला लागली, आटप, किती वेळ, अजून तसंच, बघ तो शेजारचा कधीच तयार झाला, रोज रोज तेच. खोटंखोटं आहे हे माहीत असून माझ्या घशात आवंढा आला हो. आणि गंमत म्हणजे खाली बसून मला पहिलं वाक्य सोडता एकही वाक्य नीट ऐकूच आलं नव्हतं.

मग होमवर्क दिलं, मुलांना नाही, आम्हाला. उठल्यापासून मुलं घराबाहेर पडेपर्यंत आपण किती सूचना देतो ते फक्त मोजायचं, बदलायचं काही नाही. मी फ्रिजवर कागद लावून रेघा मारल्या. ४३. त्यातल्या निम्म्या मी दुसऱ्या खोलीतून ओरडून दिलेल्या, आणि कितीतरी अशा की ज्या पूर्ण व्हायच्या आत मीच ते काम करून टाकलेलं. म्हणजे पोरांना कळलेलं असतं की आई चारदा बोलणार आणि पाचव्यांदा स्वतः करणार, मग हलायचं कशाला.

तिथे शिकवलेली एकच गोष्ट सांगते कारण ती मला सगळ्यात अवघड गेली. जवळ जायचं, नाव घ्यायचं, एकच काम सांगायचं आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत तोंड बंद. पाच सेकंद हा किती मोठा काळ असतो ते करून बघा. मला तिसऱ्या आकड्यालाच खाज सुटायची बोलायची. आणि केलं मुलाने तर नुसतं शहाणा बाळ नाही म्हणायचं, काय केलं ते म्हणायचं, "एकदा सांगितल्यावर बूट जागेवर ठेवलेस" एवढंच. ऐकायला बावळट वाटतं पण धाकटा लगेच दुसरे बूट पण ठेवून आला, वडलांचे.

हे सगळं पुस्तकात असतंच, मी वाचलेलंही होतं आधी. पण पुढच्या आठवड्यात दहा जणांसमोर सांगायचं आहे म्हटल्यावर केलं. खरा फायदा तो झाला.


स्टार_चार्ट_वाला:

आमच्याकडे कोचने स्टार चार्ट सांगितला, दप्तर भरलं की एक स्टार, दहा स्टारला बक्षीस. पहिले पंधरा दिवस स्वर्ग. आता चिरंजीव पाणी आणून दिलं तरी विचारतात किती स्टार. काय करू? (धागा हायजॅक करायचा नाहीये, पण ताईंना पण हेच सांगणार ते लोक.)


समुपदेशक_मावशी:

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते आणि पालकांचे गटही घेते, त्यामुळे माझं मत थोडं या बाजूला झुकलेलं असणार हे धरून वाचा. आधी ताईंच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर. पालकांचे क्लास हे काही कालचं फॅड नाही. आल्फ्रेड ॲडलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९२० च्या दशकात व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं सुरू केली होती आणि तिथे पालक आणि शिक्षक सगळ्यांसमोर बसून चर्चा व्हायची. १९६२ साली थॉमस गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १७ पालकांना घेऊन पहिला वर्ग चालवला, आज कुठल्याही क्लासमध्ये "तू असा आहेस" ऐवजी "मला असं होतं" अशी वाक्यं करायला शिकवतात ना, ती त्याची. १९८० पासून सिअ‍ॅटलला कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटनने पालकांच्या गटाला घरातल्या प्रसंगांचे छोटे व्हिडिओ दाखवून, इथे तुम्ही काय केलं असतं, असं विचारायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात मॅट सँडर्सचा ट्रिपल पी कार्यक्रम आहे, त्याच्या पाच पायऱ्या आहेत, आणि त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे ज्याला दोन गप्पांत भागतं त्याला बारा आठवडे बसवायचंच नाही असा त्याचा विचार आहे. तुमच्या वेबिनारवाल्यांना हे सांगून बघा.

आता उपयोग होतो का. २००८ साली जेनिफर कमिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ७ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठीच्या कार्यक्रमांवरचे ७७ अभ्यास एकत्र करून पाहिलं की चांगला परिणाम देणाऱ्या कार्यक्रमांत असतं तरी काय. मुलाशी चांगल्या गप्पागोष्टी आणि खेळ, भावनांबद्दल बोलायची सवय, शिस्तीत सातत्य हे होतंच, पण एक गोष्ट ठळक निघाली, ती म्हणजे पालकांकडून तिथल्या तिथे, स्वतःच्या मुलासोबत सराव करून घेणं. ऐकून घरी जाणं वेगळं आणि करून जाणं वेगळं. शीला आयबर्ग यांच्या पद्धतीत तर आई मुलाशी खेळत असते, एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या आरशापलीकडे थेरपिस्ट बसलेला आणि आईच्या कानातल्या यंत्रातून तो सांगत असतो, आता प्रश्न विचारू नका, आता फक्त तो काय करतोय ते बोला. पहिल्या दिवशी आया घामाघूम होतात. म्हणून दोन पोरांच्या आईंना जो फायदा झाला तो रोल प्ले आणि रेघा मारण्याचा आहे, आणि फटकळ बाबांना झाला नाही कारण तिथे बाबांनी काहीच केलं नाही, मुलीला आरशासमोर उभं केलं.

आणि आरशाचं म्हणाल तर २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोअ‍ॅन वुड यांनी हेच तपासलं होतं, मोठ्या विद्यार्थ्यांवर. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच कमी होतं त्यांना "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे" असं घोकायला लावलं तर बरं वाटायच्या ऐवजी वाईटच वाटलं. सिंहिणीचा भागाकार बरोबर होता. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडलं होतं की "मला जमेल" हा विश्वास बऱ्याच वाटांनी येतो, दुसऱ्याला बघून येतो, कुणी धीर दिला तर येतो, पण सगळ्यात पक्का येतो तो स्वतः केलं आणि जमलं यातून. म्हणजे ताई, तुमच्या घरातले हे दोन प्रश्न दोन नाहीतच. दप्तर आई भरते म्हणून जबाबदारी नाही आणि दप्तर आई भरते म्हणूनच, मला काही जमतं हा पुरावाही त्याच्याकडे जमा होत नाही.

"आई तू विचार ना" बद्दल. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंतेचा आजार असलेल्या मुलांसाठी एक पद्धत केली आहे, त्यात मुलगा येतच नाही, फक्त आईबाप येतात. मुलाच्या भीतीपायी आपण त्याच्या वतीने जे जे करत असतो, त्याच्याऐवजी बोलणं, उत्तरं देणं, ते आईबापांनी हळूहळू कमी करायचं, आणि करताना चिडायचं नाही, "अवघड जातंय कळतंय मला, आणि तुला झेपेल" असं म्हणायचं. २०२० मध्ये ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांवरचा त्यांचा अभ्यास आला, थेट मुलांना दिलेल्या उपचारापेक्षा हे कुठे कमी पडलं नाही. तुमचा मुलगा आजारी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, लाजरा स्वभाव हा स्वभाव असतो आणि त्याला लाजरं राहायचाही हक्क आहे. फक्त बदलायचं कुणी हे त्यातून कळतं. मात्र एक सांगून ठेवते, घरी बडबड आणि शाळेत महिना-महिना एक अक्षरही नाही असं असेल तर ते लाजणं नाही, तज्ज्ञांना दाखवा. बाजूच्याला सांगतो म्हणताय म्हणजे तसं दिसत नाही. विसरणं सुद्धा सगळीकडे, आवडत्या गोष्टींतही असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

स्टार चार्टवाले, तुमच्यासाठी वेगळा अभ्यास आहे, १९७३ चा. ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं त्यांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं, आणि काही दिवसांनी बघितलं तर ती मुलं चित्रांकडे पूर्वीपेक्षा कमी वळत होती. ज्यांना न सांगता दिलं त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा जे आवडीने करतो त्याला स्टार नको. ज्यात मुळात गोडीच नाही, उदाहरणार्थ दात घासणं, त्याला थोडे दिवस चालतो, मग दोन दिवसांनी एक, मग बंद. पाण्याला स्टार नाही, थँक्यू द्या.


गोंधळलेली_आई:

बापरे, एवढं सगळं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मावशी, दोनदा वाचलं. (आणि हो फटकळ बाबा, मुदत वाढवल्याचा मेसेज आला, सकाळी साडेनऊला.)

पण मग वहीचं काय करू? परत विसरला तर पोचवायची नाही का? बाई ओरडतील, वर्गात सगळ्यांसमोर उभं करतील, आधीच गप्प असतो, अजून कोशात जाईल. हे मला खरंच जमत नाही, पोटात तुटतं.


निवृत्त_मास्तर:

सूनबाई (वयाने म्हणतोय, राग मानू नका), ३४ वर्षं शिकवलंय, वही विसरलेली हजारो पोरं पाहिली, वही विसरल्याने बरबाद झालेलं एकही पाहिलं नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मीही म्हणायचो. आम्ही कुठे गेलो होतो क्लासला. पण खरं सांगू का, आम्ही पोरं जबाबदार केली ती धाक दाखवून. माझा मुलगा आज चाळिशीचा आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि मला फोन करायच्या आधी तो त्याच्या आईला फोन करून विचारतो बाबांचा मूड कसा आहे. हे मला सुनेकडून कळलं. तेव्हापासून वाया गेलो का हा प्रश्न मी विचारत नाही.


समुपदेशक_मावशी:

मास्तर, तुमचं वाचून दोन मिनिटं थांबले. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात पालकांचे प्रकार सांगितले ते हेच, एक धाक आहे पण मोकळेपणा नाही, एक लाड आहेत पण बंधन नाही, आणि एक प्रेमळ पण ठाम. पहिल्यातून सुटलेली पिढी थेट दुसऱ्यात जाऊन पडते असं मी रोज बघते, मधल्या रस्त्याचा सराव कुणाचाच नसतो.

ताई, वहीबद्दल. ॲडलरचा शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स म्हणायचा की गोष्टीचा नैसर्गिक परिणाम मुलाला भोगू द्या, तोच शिकवतो. पण याला अटी आहेत आणि क्लासमध्ये त्या सांगत नाहीत, म्हणून लोक एकदम वही पोचवणं बंद करतात आणि म्हणतात आता भोग. धोका असेल तिथे हे नाही चालत, परिणाम फार लांब असेल तिथे नाही, आणि अपमान हा परिणाम नव्हे. तेव्हा आधी बाईंना एक चिठ्ठी लिहा की आम्ही हे करतोय, वही नसेल तर त्याला तुमच्याकडे येऊन स्वतः सांगू द्या, उभं नका करू. बहुतेक शिक्षक खूश होतात. मग मुलाला आधी सांगा, सोमवारपासून मी शाळेत वही आणून देणार नाही, विसरू नये म्हणून काय करूया, आणि यादी त्यालाच करू द्या, त्याच्या अक्षरात, त्याला हव्या त्या जागी. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसा, मग दारात उभ्या राहा, मग नुसतं "यादी बघितलीस?" आणि नंतर तेही नाही. आणि ज्या दिवशी विसरेल त्या दिवशी घरी आल्यावर एक वाक्य गिळायचं आहे, "मी म्हटलं होतं ना". ते बोललात की त्याचं लक्ष वहीवरून उठून तुमच्यावर येतं, मग तो तुमच्यावर चिडतो आणि वही राहते बाजूला.


दोन_पोरांची_आई:

एक अजून, नवऱ्याला पण घ्या बरोबर. मी एकटीच गेले होते ग्रुपला आणि पहिला महिना घरात दोन सरकारं होती. मी पाच आकडे मोजतेय आणि मागून हे येऊन "अगं बोल की त्याला काहीतरी, बघत काय बसलीस". शेवटी यांना फक्त ती सकाळची रेघ मारायचं काम दिलं, माझ्या सूचना मोजायचं. इतक्या आनंदाने कुठलंच काम केलं नव्हतं आजवर.


फटकळ_बाबा:

मावशींचं वाचून मान्य करतो की मी क्लासला नाही, माझ्या क्लासला शिव्या घालत होतो. तर ताई, दुसरीकडे कुठे चौकशी केलीत तर मी आता हे विचारेन: तुम्ही काय शिकला आहात आणि कुणाच्या हाताखाली, गटात किती जण, दोन तासांतला किती वेळ तुम्ही बोलणार आणि किती वेळ आम्ही करणार, एक सेशन बसून बघता येईल का, मध्येच सोडलं तर पैशाचं काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कुणासाठी चालत नाही. शेवटच्या प्रश्नाला "सगळ्यांसाठी चालतं" असं उत्तर आलं तर चपला घालायच्या. आणि मुलांचे रडतानाचे व्हिडिओ ग्रुपवर मागणारे असतील तर चपला न घालताच पळायचं.

फुकटात बघायचं असेल तर शाळेत, दवाखान्यात, वाचनालयात विचारा, खूपदा असतं पण कुणी जाहिरात करत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून कमी खर्चातले पालक-कार्यक्रम केलेत, त्यांचे साधे एक-एक पानी सल्ले पण आहेत, वाचून बघा. आमच्या त्या सिंहापेक्षा बरे आहेत.


गोंधळलेली_आई:

पाच आठवड्यांनी परत आलेय, अपडेट द्यायचं कबूल केलं नव्हतं पण राहवत नाही.

तो महागडा कोर्स नाही घेतला. जवळच एक छोटा गट मिळाला, आठ पालक, सराव करून घेतात, बाई स्पष्ट म्हणाल्या की मुलाला बदलायला आला असाल तर निराश व्हाल. नवरा पहिल्या वेळी कडेला मोबाईल काढून बसला होता, रोल प्लेमध्ये त्याला मुलगा केलं आणि मी आई, आणि मी नेहमीसारखी सुरू झाले तर तो मध्येच खरंच चिडून म्हणाला "अगं मला एक वाक्य तरी बोलू दे". सगळे हसले. घरी येताना गाडीत तो गप्प होता, मीपण.

वही दोनदा विसरला. पहिल्यांदा रडला, मला म्हणाला तू वाईट आहेस. मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले, अजून काय करणार. दुसऱ्यांदा स्वतःच बाईंना सांगून आला आणि मला दोन दिवसांनी बोलता बोलता कळलं. यादी त्याने दाराला लावायच्या ऐवजी बुटांच्या कपाटाच्या आत लावलीय, का ते विचारलं नाही. शाळेत हात अजून वर होत नाही, ते जसं आहे तसं आहे.

पण वाचनालयातलं सांगायचंय. आम्ही गटात पायऱ्या ठरवल्या होत्या, आधी मी विचारायचं आणि त्याने शेजारी उभं राहायचं, मग त्याने फक्त थँक्यू म्हणायचं, मग एक प्रश्न त्याने विचारायचा. परवा तिसरी पायरी. त्याला ग्रहांवरचं एक पुस्तक हवं होतं. काउंटरवर बाई कॉम्प्युटरकडे बघत होत्या. हा पुढे गेला, काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली आणि इतक्या हळू बोलला की मलाच ऐकू आलं नाही. बाई "काय?" म्हणाल्या, मान वर न करता. तिथे मला वाटलं आता संपलं, याने वळून माझ्याकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगते मी एक-दोन-तीन मोजत होते आणि पर्सचा पट्टा पिळत होते. तो परत वळला आणि म्हणाला "ग्रहांचं पुस्तक. मोठं असतं ते. निळं." बाईंनी उठून काढून दिलं.

बाहेर आल्यावर मी काही बोलणार त्याच्या आत तोच म्हणाला, "आई, तुझे ओठ हलत होते."

बूट मात्र अजून सापडत नाहीत रोज.


फटकळ_बाबा:

दोन्ही की एकच?


गोंधळलेली_आई:

एकच. डावा.